मालवणची मुलं लिहितात, मेळघाटची मुलं विचारतात

‘आमचा गाव निसर्गरम्य आहे’ हे वाक्य वर्गात खपून जातं, कारण वाचणाऱ्या बाईंनी गाव पाहिलेला असतो. लेखन सुधारायचं तर वाचणारा लांबचा हवा. मालवण किनाऱ्यावरची सातवी आणि मेळघाटातल्या कोरकू मुलांची सातवी यांनी एकमेकांना पत्रं लिहायची, ही जोडी त्यासाठी फार चांगली. एकीकडे घरात मालवणी, दुसरीकडे कोरकू. प्रमाण मराठी दोघांनाही कष्टानेच लिहावी लागते.

वर्षात पत्रांच्या चार फेऱ्या पुरतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणून सुरुवात जुलैच्या मध्यावर करा. गणपतीच्या सुट्टीत कोकणातून पत्र निघणार नाही, हे धरूनच चाला. दिवाळीनंतर मेळघाटातली काही कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात आणि पटावरची मुलं कमी होतात. एकास एक जोडी लावली तर कोणीतरी उत्तराविना राहतं आणि त्याचा हिरमोड होतो. म्हणून दोनास दोन असे गट करा.

पत्र 100 ते 120 शब्दांचं, एकाच कामावर. ‘माझं गाव’ नको. ‘काल रापण कशी ओढली’ हवं. पहिलं पत्र शिक्षकांनी तपासू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. लाल शाई फिरली की मूल निबंधाच्या वहीतली वाक्यं उतरवतं.

समोरच्या गटाने न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि तीन प्रश्न पाठवायचे. ‘आम्ही रापण ओढली, खूप मासे मिळाले’ यावर प्रश्न येतात: रापण म्हणजे काय? कोण ओढतं? मासे कोणाचे? मग तेच मूल पुन्हा लिहितं: ‘होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभी माणसं ओढतात. मासळीचे वाटे पडतात.’ तिकडून मोहफुलांचं पत्र आलं की मालवणकर विचारतात, पहाटेच का वेचता?

बोलीतले शब्द खोडू नका, ते समजावून लिहायला लावा. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात पाहा, तेही एका फेरीत एकच गोष्ट: आधी पूर्णविराम, मग ऱ्हस्व-दीर्घ.

सगळी पत्रं एकाच पाकिटात, शाळेच्या पत्त्यावर पाठवा. मुलांचे घरचे पत्ते आणि फोन नंबर नकोत. पाठवण्याआधी प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेवा, नाहीतर प्रश्न परत येईपर्यंत मूळ पत्रात काय लिहिलं होतं तेच आठवत नाही.

शेवटची फेरी होळीला ठेवा. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण, कामाला गेलेली माणसं तेव्हा परततात, कोकणात शिमगा. फगवा (कोरकूंकडे होळीला मागतात ती वर्गणी) आणि रोंबाट (शिमग्यातली नाच-सोंगांची मिरवणूक), दोन्हींवर प्रश्न भरपूर येतात.