लक्षच लागत नाही? एडीएचडीचा शिक्का मारण्याआधी हे बघून घ्या

आजकाल पस्तिशी-चाळिशीतलं कोणीही भेटलं की हा विषय निघतोच, कशातच लक्ष लागत नाही यार, एक ईमेल तीनदा वाचावा लागतो, मीटिंगमध्ये समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही. आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, मला बहुतेक एडीएचडी (लहानपणापासूनच लक्ष टिकवणं जड जाणारा विकार) आहे, रीलमध्ये सांगितलेली सगळी लक्षणं जुळतात. अहो जुळणारच ना! झोप न झालेल्या माणसाची जुळतात, थायरॉईड बिघडलेल्याची जुळतात, डिप्रेशनमधल्याचीही जुळतात. लक्ष न लागणं हे तापासारखं आहे, ताप आलाय एवढ्यावरून मलेरिया की टायफॉईड ते कळत नाही.

तर सगळ्यात आधी एकच प्रश्न, कधीपासून? घाईत उत्तर देऊ नका, आईला विचारा, भावंडांना विचारा, जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर काढा. "हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते" असे शेरे दरवर्षी असतील, कंपास-डबा-छत्री सतत हरवत असेल, तर एडीएचडीची शंका रास्त आहे, कारण निदानाच्या निकषांप्रमाणे काही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. मुलींच्या बाबतीत मात्र हे खूपदा सुटून जातं, कारण त्या दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, मग कोण कशाला लक्ष देतंय. पण शाळा-कॉलेज व्यवस्थित पार पडलं आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांतच गाडी रुळावरून घसरली असेल तर काहीतरी बदललंय, आणि ते शोधायचं. कागदावर लिहून काढा त्या सुमारास काय काय झालं, नवीन गोळी सुरू झाली का, यूएस शिफ्ट लागली का, बाळ झालं का, कोविडनंतर सुरू झालं का, घरातलं कोणी गेलं का, वजन वाढलं का.

मग झोप. मी सहा तास झोपतो आणि मला पुरतं असं छातीठोकपणे सांगणारे बरेच असतात, पण बहुतेक मोठ्या माणसांना ७ ते ९ तास लागतात, आणि कमी झोपेची गंमत अशी की काही दिवसांनी आपल्याला पेंग येतेय हेच जाणवेनासं होतं, चुका मात्र होत राहतात. तासांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे घोरणं. जोडीदाराला विचारा, मी घोरताना मध्येच श्वास थांबतो का, मग दचकल्यासारखा परत सुरू होतो का. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी सिग्नलला गाडी उभी असताना डोळा लागतो, बीपी वाढलेलं, असं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करून घ्या, आता घरीच मशीन लावूनही होते. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असा समज आहे, तो डोक्यातून काढा. रात्रीच्या दोन पेगने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री मोडत राहते. आणि संध्याकाळी सहाच्या चहातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं.

आता रक्त. आपल्याकडे शाकाहारी लोक भरपूर, आणि बी१२ हे व्हिटॅमिन मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यातूनच मिळतं, त्यामुळे ही तपासणी आधी करा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा अ‍ॅसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घ्यायची सवय लागली असेल, तर जास्तच, कारण दोन्हींमुळे बी१२ अंगी लागणं कमी होतं. (गोळ्या परस्पर बंद करू नका हं, डॉक्टरांना फक्त हे सांगा.) रिपोर्ट नीट वाचा. २११ आला, लॅबच्या रेंजमध्ये बसतो, ठळक अक्षरात नाही, म्हणून लोक फाईल बंद करतात. पण २०० ते ३०० ची पट्टी काठावरची मानतात, त्यात लक्षणं असतील, हातापायाला मुंग्या येत असतील, तर होमोसिस्टीनसारखी पुढची टेस्ट करायची की थेट उपचार सुरू करायचे हे डॉक्टर ठरवतात. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी१२ ही चांगलं असेल असं नसतं. आणि मेडिकलमधून आधीच गोळ्या आणून खाऊ नका, आकडा वर जातो आणि मूळ स्थिती काय होती ते कळत नाही.

त्याच वेळी टीएसएच (थायरॉईडसाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), साखर एवढं करून घ्या. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्यांनी फेरिटिन नक्कीच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरला आधी सांगा, बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चाळिशीनंतरच्या बायकांनी पाळीचं गणितही बघावं, पाळी जायच्या आधीची काही वर्षं हॉर्मोन वरखाली होतात, रात्री घाम फुटून जाग येते, शब्द जिभेवर येऊन अडकतो. घरचे म्हणतात वय झालं. वय झालं म्हणून गप्प बसायचं नाही, गायनॅकला विचारायचं.

गोळ्यांचा डबा उघडून बघा. सर्दी-अ‍ॅलर्जीची झोप आणणारी गोळी, झोपेसाठी कोणीतरी कधीतरी दिलेली आणि मग चालूच राहिलेली अल्प्राझोलाम, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, यातल्या कशानेही डोक्यात धुकं येऊ शकतं. झोपेची गोळी एकदम मात्र सोडू नका, ती हळूहळूच कमी करावी लागते.

मनाचं लोक शेवटी ढकलतात. डिप्रेशन म्हणजे रडणं असं वाटत असतं, पण कित्येकांना रडू येत नाही, फक्त कशात रस वाटत नाही, पहाटे चारला जाग येते आणि साधा निर्णय घेता येत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज असं असेल तर दाखवा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं.

आणि मोबाईल? दोषी आहेच. ग्लोरिया मार्क या संशोधिकेने मोजलं, २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, नंतर ते ४७ सेकंदांवर आलं. पण सगळं बिल त्याच्यावर फाडण्याआधी परीक्षा घ्या, आठवडाभर कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, नोटिफिकेशन बंद, एका वेळी एकच टॅब. फरक पडला तर उत्तम. झोप पूर्ण, फोन लांब, तरीही तेच पान चौथ्यांदा वाचताय, तर वर सांगितलेल्या तपासण्या करा.

ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, बिल भरणं-हिशोब अशी रोजची कामं जमेनाशी झाली, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर हे सुरू झालं तर घरगुती प्रयोग नकोत, न्यूरोलॉजिस्ट गाठा. अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर थेट इमर्जन्सी.

बाकीच्यांनी आधी फॅमिली डॉक्टर. तिथे "लक्ष लागत नाही" एवढंच म्हणालात तर टॉनिक मिळेल. कधीपासून, कुठली कामं अडतात, घोरणं, चालू गोळ्या, पाळी, दारू, हे सगळं लिहिलेला कागदच पुढे करा. रिपोर्ट नीट आले, झोप नीट आहे आणि लहानपणापासूनची हिस्ट्री असेल तर मग सायकियाट्रिस्टकडे एडीएचडीसाठी जा. जाताना ती प्रगतिपुस्तकं घेऊन जा, आणि जमलं तर आईलाही.