एफएनची कळ मेली म्हणून

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो तेव्हाची गोष्ट. खोलीत तीन कॉट. शेजारचा एमपीएससीवाला पहाटे साडेचारला उठायचा, त्यामुळे रात्री साडेदहाला ट्यूबलाइट बंद, यावर चर्चा नाही. माझा अभ्यास मात्र त्यानंतरच सुरू व्हायचा. दिवसा एका ऑफिसात हार्डवेअर सपोर्ट, रात्री लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) शिकायचा प्रयत्न. लॅपटॉप सेकंड हँड थिंकपॅड, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. या मशीनच्या कीबोर्डला खालून उजेड आहे. एफएन आणि स्पेसबार एकदम दाबले की आधी मंद, मग लख्ख, मग बंद. फक्त माझी एफएनची कळच मेलेली होती. आधीच्या मालकाने बहुतेक तिला चहा पाजला असावा.

ऑफिसातल्या सिनियरला रडगाणं सांगितलं, तर तो म्हणाला, "सिसमध्ये बघ की."

"कुठल्या सिसमध्ये?"

"स्लॅश सिस. लिनक्समध्ये दिवासुद्धा फाइलच असतो रे."

त्या रात्री टर्मिनलमध्ये सीडी (फोल्डर बदलायची आज्ञा) करत आत शिरलो. सिस, त्यात क्लास, त्यात एलईडीज. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या.) एलएस (फोल्डरची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं तर मशीनमधल्या दिव्यांची अख्खी यादी समोर. कॅप्सलॉकचा दिवा, माइक म्यूटचा दिवा, आणि त्यात एक टीपीएसीपीआय, पुढे दोन कोलन, पुढे केबीडी अंडरस्कोर बॅकलाइट. हाच आपला. डेलवर सुरुवातीला डेल दिसेल, आसुसवर आसुस, जुन्या इंटेल मॅकबुकवर लिनक्स टाकलं असेल तर एसएमसी. शेपूट सगळीकडे तेच, त्यामुळे शोधताना केबीडी हाच शब्द शोधा.

त्या फोल्डरमध्ये दोन फाइली कामाच्या: ब्राइटनेस आणि मॅक्स ब्राइटनेस. दुसरी कॅट केली, म्हणजे उघडून वाचली, तर आलं २. म्हणजे माझ्याकडे ०, १ आणि २ एवढ्याच पायऱ्या. त्या मॅकबुकवर हाच आकडा २५५ असतो, तिथे दिवा हळूहळू मालवता येतो. आणखी एक गंमत. एलएसला एल जोडून पाहिलं तर दोन्ही फाइली ४०९६ बाइटच्या दिसतात, आत मात्र एकच आकडा. कारण या खऱ्या फाइली नव्हेतच. वाचायला गेलात की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दिव्याच्या ड्रायव्हरला विचारतो आणि उत्तर तुमच्या हातात ठेवतो.

मग मी नवशिका जे करतो तेच केलं. एको १, बाण, ब्राइटनेस, म्हणजे १ हा आकडा त्या फाइलीत लिही. परमिशन डिनाइड. बरोबर आहे, फाइल रूट या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीची, बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा. म्हणून आज्ञेच्या सुरुवातीला सुडो (रूटच्या हक्काने चालव) लावलं. पुन्हा परमिशन डिनाइड. सुडोच्या यादीत मी आहे, तरी नाही. यावर माझी अख्खी रात्र गेली, आणि आता वाटतं तेवढ्यासाठी तरी ती कळ मेली ते बरं झालं.

भानगड अशी की बाण सुडोचा नसतो, शेलचा असतो, म्हणजे टर्मिनलमधली ओळ वाचून आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा. शेल ओळ वाचतो आणि सगळ्यात आधी बाणापुढची फाइल उघडायला जातो, तीही तुमच्या हक्काने. तिथेच अडतो. गाडी सुडोपर्यंत पोचतच नाही. आणि पोचली असती तरी रूटचा हक्क मिळाला असता एकोला, ज्याला त्याची गरजच नाही. "१" म्हणायला कुणाची परवानगी लागते? परवानगी हवी होती लिहिणाऱ्याला.

उपाय म्हणजे टी नावाची आज्ञा. प्लंबर अर्धा इंची टी मागतो ना, तीच. एका तोंडाने पाणी आत, दोन तोंडांनी बाहेर. एको १, मग उभी रेघ (आधीच्याचं उत्तर पुढच्याच्या हातात देणारी), मग सुडो टी आणि फाइलचा पूर्ण पत्ता. आता फाइल उघडतो तो टी, आणि तो रूटच्या हक्काने चालतोय. एंटर दाबलं आणि कळांच्या कडांतून पांढरा उजेड आला. शेजारी घोरत होता, नाहीतर ओरडलोच असतो. १ च्या जागी २ टाकलं तर लख्ख. काही अक्षरं टाकून पाहिली तर इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणून झिडकारलं. (इनस्क्रिप्टमध्ये मराठी टंकताना मात्र या उजेडाचा शून्य उपयोग. कळांवर अक्षरं इंग्रजीच.)

दर वेळी सुडो नको म्हणून मी फाइलवर चीमॉड ६६६ मारून टाकला, म्हणजे सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर दिवा काल ठेवला होता तसाच मंद, पण परवानगी गायब. दोन दिवस डोकं खाजवलं. सिस डिस्कवर नसतेच, कर्नल ती दर बूटला मेमरीत नव्याने उभी करतो. तुमचा चीमॉड तिच्याबरोबर गेला. उजेडाची पातळी टिकते, कारण मशीन बंद होताना सिस्टमडी (मशीनचं चालू-बंद सांभाळणारा प्रोग्राम) ती लिहून ठेवतो आणि चालू होताना परत लावतो. परवानगी कायमची हवी तर यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की ठरलेलं काम करणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिहावा लागतो. तो मी लिहिला, तीन वेळा चुकवून.

हे सगळं करून झाल्यावर कळलं की ब्राइटनेससीटीएल नावाचं तयार हत्यार आहे, एपीटी या उबुंटूच्या इन्स्टॉलरने एका ओळीत बसतं. लिस्ट मागा, नाव बघा, डिव्हाइस म्हणून ते नाव द्या आणि सेट १. पण डिव्हाइसचं नाव द्यायचं विसरू नका. मी रात्री एक वाजता नुसतं सेट ० मारलं. नाव नसेल तर ते आधी स्क्रीन धरतं. स्क्रीन काळीठिक्कर, कीबोर्ड आधीच बंद, एफएन मेलेली. मोबाइलचा टॉर्च दातात धरून सेट ५०% आंधळेपणाने टाइप केलं, तेव्हा उजाडलं.

त्याच एलईडीज फोल्डरमध्ये कॅप्सलॉकच्या दिव्याकडे ट्रिगर नावाची फाइल आहे, ती जरूर बघा. कॅट केली की तो दिवा कशाकशावर पेटू शकतो त्याची यादी येते, चालू असलेला पर्याय चौकटी कंसात. तिथे हार्टबीट लिहिलं की दिवा हृदयासारखा धडधडतो, आणि मशीनवर लोड वाढला की ठोके जलद होतात. यादीत हार्टबीट नसेल तर त्याचं मॉड्यूल (कर्नलचा जोडभाग) आधी मॉडप्रोब या आज्ञेने चढवा. मी कर्नल कंपाइलला लावून झोपायचो आणि पडल्या पडल्या दिव्यावरून काम चाललंय का ते ओळखायचो. एमपीएससीवाल्याने एकदा विचारलं, "तुझ्या लॅपटॉपला काय झालंय? आजारी आहे का?"

तुमच्या यादीत केबीडी सापडलंच नाही तर निराश होऊ नका. पुष्कळ लॅपटॉपांत हा दिवा फर्मवेअरच (मशीनमध्येच भरलेला प्रोग्राम) सांभाळतो, लिनक्सला त्याचा पत्ताच नसतो. तिथे फक्त कळ. उलट स्वस्तातले काही यूएसबी कीबोर्ड उजेडाची तार थेट स्क्रोललॉकच्या दिव्याला जोडतात. असा कीबोर्ड विंडोजवर पेटतो आणि लिनक्सवर ढिम्म राहतो. त्याला एलईडीज फोल्डरमधल्या स्क्रोललॉकच्या ब्राइटनेसमध्ये १ लिहा.

शेवटी तीन ओळींची स्क्रिप्ट केली: आत्ताचा आकडा वाच, एक मिळव, तीनने भाग, उरलेली बाकी परत लिही. ०, १, २ आणि पुन्हा ०. शाळेतल्या भागाकाराची बाकी आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली. ती स्क्रिप्ट एका शॉर्टकटवर बसवली आणि एफएनचं दुःख संपलं.

वर्षभराने सिस्टम अ‍ॅडमिनच्या मुलाखतीला बसलो. समोरच्याने कागदावर सुडो एको, बाण, फाइल असं लिहिलं आणि विचारलं, हे का चालत नाही? मी प्लंबरपासून सुरुवात केली. तो हसला, मला पूर्ण बोलू दिलं. पुढचा प्रश्न सबनेटिंगचा, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायचा होता, तिथे माझी दांडी गुल. तरी त्यांनी घेतलं, आणि पहिल्या आठवड्यात सबनेटिंगच हातात दिलं.