बेंगाल, ॲबिसिनियन असलं दंगेखोर पेडिग्री मांजर आणायच्या आधी काय काय बघायचं

बेंगालचा फोटो बघितला की कुणाचंही मन जातंच, ते ठिपके, ते चमकणारं अंग, आणि मग चार व्हिडिओ बघून आपण ठरवूनच टाकतो की आणायचं तर हेच. पण व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो हो, मांजर बारा ते पंधरा वर्षं असतं, कधी कधी जास्तच. त्यामुळे रंगरूप जरा बाजूला ठेवा आणि आधी एवढंच तपासा की रोज, म्हणजे अगदी कंटाळा आलेल्या दिवशीसुद्धा, या प्राण्याची रग जिरवायला तुमच्या घरात कुणी आहे का. बाकी सगळं त्यानंतर.

१) ब्रीड नीट समजून घ्या

बेंगाल हे घरगुती मांजर आणि आशियातली जंगली लेपर्ड कॅट यांच्या संकरातून आलेलं ब्रीड, टिका या मांजरांच्या रजिस्ट्रीने त्याला १९८६ मध्ये नवीन ब्रीड म्हणून घेतलं. सवाना म्हणजे आफ्रिकेतल्या सर्व्हलशी केलेला संकर. यांच्यात एफ१, एफ२ अशी पिढी सांगतात, आकडा जितका लहान तितका जंगली पूर्वज जवळचा, आणि पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याने सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्यांच्या नादाला लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय काही ठिकाणी अशा मांजरांवर कायद्याने बंदी असते किंवा परवाना लागतो, तुमच्या भागात काय नियम आहे ते पैसे द्यायच्या आधी बघा.

ॲबिसिनियन आणि त्याचा लांब केसांचा भाऊ सोमाली, यांना जंगली रक्ताची गरजच नाही, तसेही दिवसभर भिरभिरत असतात, माणसावर जीव लावतात पण मांडीवर तासभर लोळत पडणं त्यांच्या स्वभावात फारसं नाही. सयामी आणि ओरिएंटल बोलतात, आणि बोलतात म्हणजे लाडिक म्याव नाही, भांडल्यासारखा खणखणीत आवाज, तुम्ही घरी आलात हे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही कळतं. शांत, सुस्त मांजर हवं असेल तर ही यादी इथेच सोडा, त्यात कमीपणा काही नाही.

२) मांजर नसतानाच आठवडाभर सराव करा

हे ऐकायला येडपट वाटेल पण करून बघा. सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, मोबाईल बाजूला ठेवून नुसतं हॉलमध्ये काठीला बांधलेली दोरी हलवत बसायचं. घरचे हसतील, हसू देत. आठवड्यात तीन-चार वेळा टाळलंत, उशीर झाला, पाहुणे आले, डोकं दुखत होतं, तर मांजर आल्यावरही तेच होणार आहे, आणि तेव्हा ती उरलेली रग पडद्यावर, वायरवर किंवा तुमच्या पोटरीवर निघणार. घरी कुणी दिवसभर नसेल तर आणखी विचार करा, ही मांजरं एकटी पडली की कंटाळतात आणि कंटाळलेलं हुशार मांजर स्वतःच काम शोधतं.

३) खेळ म्हणजे काय ते शिकून घ्या

बहुतेक लोक इथेच चुकतात. बास्केटभर खेळणी आणून टाकली म्हणजे खेळ झाला असं नाही, ती दोन दिवसांत सोफ्याखाली जातात. मांजराचा खेळ म्हणजे शिकार, आणि शिकारीला क्रम असतो: टपून बसणं, पाठलाग, झडप, पकड, मग खाणं. पिसं लावलेली काठी घ्या आणि पिसं मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका, कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडात येतो? ती त्याच्यापासून लांब सरकवा, सोफ्याच्या कडेमागे अर्धी लपवा, थांबवा, जराशी थरथरवा. मग बघा, बुबुळं मोठी होतात, मान खाली जाते, मागचा भाग डावीकडे उजवीकडे हलायला लागतो आणि मग उडी. ते टपून बसलेलं असताना आपण कंटाळून काठी जोरजोरात हलवायला लागतो, पण त्याचं डोकं तेव्हाच सगळ्यात जास्त थकत असतं, त्यामुळे वाट बघा. मधूनमधून पकडू द्या, शेवटी वेग कमी करत आणा आणि लगेच जेवण द्या. लेझर पॉइंटरमध्ये हातात काहीच लागत नाही म्हणून काही मांजरं चिडचिडी होतात, वापरायचाच तर शेवटी ठिपका एखाद्या खाऊवर नेऊन थांबवा.

मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागं असतं, त्यामुळे पहाटे चारला छातीवर उडी हा काही त्याचा दुष्टपणा नाही. झोपायच्या आधी दमवून खेळ आणि मग जेवण, हा क्रम ठेवलात तर बराच फरक पडतो. पहाटेच्या ओरडण्याला मात्र एकदाही उठून खायला द्यायचं नाही, एकदा दिलंत की संपलंच.

४) घर खालून नाही, वरून बघा

ही मांजरं फ्रिजवर, कपाटावर, दाराच्या वरच्या कडेवरसुद्धा जातात. खाली दाबायची दाराची कडी उघडायला कित्येकजण शिकतात, ड्रॉवरही. बऱ्याच बेंगालना पाण्याचं वेड असतं, नळाखाली पंजा घालून खेळतात, म्हणून स्वयंपाकाचा ओटा आपला राहणार नाही हे गृहीत धरा आणि गरम शेगडीजवळ फिरकू देऊ नका. खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत जाळी आधी बसवा, मांजर नंतर आणा. पडलं तरी पायावरच पडतं या भरवशावर राहू नका, उंचावरून पडून छाती आणि जबडा फुटलेली मांजरं व्हेटकडे येतातच.

उंच कॅट ट्री, म्हणजे मांजराला चढायचा खांब-फळ्यांचा स्टँड, लागेल, बूड जड असलेलं, हललं की मांजर त्याच्यावर परत जात नाही. नखं घासायचा खांब इतका उंच की पूर्ण ताणून उभं राहता आलं पाहिजे. दोरे, केसांचे रबर, सुई-दोरा उचलून ठेवा, गिळला तर आतडं आवळलं जातं आणि ऑपरेशनची वेळ येते. लिलीची फुलं घरात नकोच, त्याचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते. वॉशिंग मशीन सुरू करायच्या आधी आत बघायची सवय लावा.

५) एक की दोन

सारख्या वयाची, सारख्या दमाची दोन असतील तर एकमेकांना दमवतात, तरी तुमचा खेळ चुकत नाही. घरात आधीचं म्हातारं मांजर असेल तर मात्र त्याचा विचार करा हो, त्याला दिवसातून दहा वेळा कुणीतरी अंगावर झेपावणं म्हणजे छळच. लिटर बॉक्स, म्हणजे शू-शीसाठी वाळूसारखं लिटर भरलेला डबा, जितकी मांजरं त्यापेक्षा एक जास्त.

६) ब्रीडरला खोदून खोदून विचारा

पिल्लू आईसोबत बघायला मिळालं पाहिजे, आणि किमान बारा आठवड्यांचं होईपर्यंत तिथेच राहिलेलं असलं पाहिजे. आई-वडिलांच्या टेस्टचे रिपोर्ट मागा, तोंडी "सगळं हेल्दी आहे" चालणार नाही. बेंगाल, ॲबिसिनियन आणि सोमालीत पीके डेफिशियन्सी नावाचा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो, लाल पेशी लवकर फुटतात आणि ॲनिमिया होतो, याची डीएनए टेस्ट आहे. डोळ्यांचा पीआरए, ज्यात नजर हळूहळू जाते, त्याचीही आहे. हृदयाचा स्नायू जाड होणारा एचसीएम बेंगालमध्ये दिसतो, आणि तिथे हृदयाची सोनोग्राफीच करावी लागते, तीसुद्धा ठराविक काळाने परत, त्यामुळे रिपोर्टवरची तारीख बघा. जो ब्रीडर तुम्हालाच उलट प्रश्न विचारत नाही, दिवसभर घरी कोण असतं, जाळी आहे का, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

आणि पिल्लूच हवं असा हट्ट का? मोठी बेंगाल, सयामी वगैरे सोडून दिलेली मांजरं सांभाळणाऱ्या रेस्क्यू संस्थांकडेही येतात, पुष्कळदा याच कारणाने की आधीच्या घराला झेपली नाहीत. मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो. का सोडलं ते विचारा, घरात कुठेही शू करतं असं उत्तर आलं तर आधी व्हेटची तपासणी झालीये का ते विचारा, मूत्रमार्गाचा त्रास असला तरी तसंच दिसतं.

७) आणायचा दिवस

व्हेटची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा, जुन्या घरी जे खाणं आणि जे लिटर चालू होतं तेच सुरुवातीला वापरा, बदल नंतर हळूहळू. पहिले काही दिवस एकच खोली द्या, कितीही दंगेखोर ब्रीड असलं तरी. खातंय, शू-शी लिटर बॉक्समध्येच करतंय आणि तुम्ही आत गेलात की लपायच्या ऐवजी पायात येतंय असं दिसलं की दार उघडा, आधी शेजारच्या एका खोलीपुरतंच.