कॅरिओटाइप रिपोर्टमधली एक्स-वायची ओळ कशी वाचावी

कॅरिओटाइप म्हणजे पेशींतल्या गुणसूत्रांची मोजणी आणि तपासणी. तिचा रिपोर्ट हातात आला की नजर थेट ‘४६,एक्सएक्स’ किंवा ‘४६,एक्सवाय’वर जाते. त्याआधी किती पेशी मोजल्या ते पाहा. नेहमी २० मोजतात. विसाच्या वीस सारख्या निघाल्या, तरी साधारण १४ टक्क्यांपेक्षा कमी पेशींत गुणसूत्रांचा वेगळा संच असेल तर तो निसटू शकतो. मोझेइकची (एकाच शरीरात वेगवेगळ्या गुणसूत्रसंचांच्या पेशी असण्याची) शंका असेल तर निदान ३० मोजायला सांगावं; मग ही मर्यादा १० टक्क्यांवर येते.

स्वल्पविरामाआधीचा आकडा एकूण गुणसूत्रांचा, पुढची अक्षरं लिंगगुणसूत्रांची. ४५,एक्स म्हणजे टर्नर सिंड्रोम (मुलीत एक एक्स कमी), ४७,एक्सएक्सवाय म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम (मुलात एक एक्स जास्त). ४५,एक्स[६]/४६,एक्सएक्स[१४] असं असेल तर तिरकी रेघ दोन प्रकारच्या पेशी सांगते आणि चौकोनी कंसातले आकडे त्यांची संख्या. बाई वयस्कर असेल आणि एखाद्याच पेशीत एक्स गळालेला असेल, तर तो बहुधा वयाचा परिणाम. त्याला लगेच टर्नर म्हणू नये. म्हाताऱ्या पुरुषांत वाय असाच गळतो.

खरी फसगत पुढे आहे. वृषण घडवायची कळ अख्खा वाय नव्हे, तर त्याच्या आखूड भुजेच्या टोकाजवळचा एसआरवाय हा जनुक. तो १९९० साली सापडला. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात तो सॉक्स९ या दुसऱ्या जनुकाला चालू करतो आणि तोवर दोन्हीकडे झुकू शकणारी जननग्रंथी वृषणाच्या वाटेला लागते. शुक्रपेशी बनताना हा तुकडा चुकून एक्सवर गेला, तर ४६,एक्सएक्स असूनही वृषण तयार होतात. इतका छोटा तुकडा कॅरिओटाइपच्या पट्ट्यांत दिसत नाही. त्यासाठी फिश (गुणसूत्रावर चमकणारी खूण लावून पाहण्याची तपासणी) किंवा पीसीआरने (डीएनएचा तुकडा वाढवून शोधण्याची तपासणी) एसआरवाय वेगळा शोधावा लागतो.

उलट, मुलीच्या रिपोर्टवर ४६,एक्सवाय आलं तर सोनोग्राफीत गर्भाशय आहे का बघा. असेल, तर वृषण घडलेच नसावेत (एसआरवाय बिघडणं हे त्याचं एक कारण), म्हणून गर्भाशय घडू न देणारं एएमएच संप्रेरकही तयार झालं नाही. गर्भाशय नसेल, तर वृषण बहुधा आहेत; टेस्टोस्टेरॉन बनत नाही किंवा बनूनही पेशी त्याला दाद देत नाहीत. म्हणून रक्तातलं एएमएच आणि टेस्टोस्टेरॉन सोबतच तपासावं.

‘कल्चर वाढलं नाही’ (म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढल्या नाहीत) असा शेरा आला तर रक्त कोणत्या नळीत घेतलं ते आधी विचारा. रक्त हेपॅरिनच्या नळीतच हवं. हेपॅरिन आणि ईडीटीए दोन्ही रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत, पण ईडीटीएत पेशी नीट वाढत नाहीत, आणि नमुना फ्रीझरमध्ये गोठवला तर त्या मरतातच.