सिग्नल भरपूर, तरी आतल्या खोलीत वाय-फाय चालेना: माझा अनुभव

खोक्यावर ‘हाय पॉवर’ असे ठळक छापलेल्या राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली) चढवले होते. आतल्या खोलीत फोनवर सिग्नलच्या रेघा जवळजवळ पूर्ण दिसत, पण पान उघडत नसे. राउटर पॉवरची मर्यादा निवडलेल्या देशानुसार ठरवतो, म्हणून आधी दुसऱ्या देशाचा कोड देऊन पॉवर वाढवली, मग जास्त डीबीआयचे (म्हणजे जास्त गेनचे, सिग्नल ठरावीक दिशेला अधिक एकवटणारे) अँटेना लावले. दोन आठवडे नुसता मनस्ताप झाला. राउटरचे प्रक्षेपण वाढले, तरी फोनचे उत्तर तितकेच क्षीण राहिले. शिवाय भारतात २.४ गिगाहर्ट्झसाठी असलेली ४ वॉटची मर्यादा अँटेनाचा गेन धरूनच मोजतात, हे खोके सांगत नाही.

शेवटी मूळ अँटेना पुन्हा बसवले. मग लुसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंग्जच्या पानात) ‘नेटवर्क’, ‘वायरलेस’ आणि २.४ गिगाहर्ट्झ रेडिओचे ‘एडिट’ या क्रमाने गेलो. ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये देश ‘आयएन – इंडिया’ केला. नंतर ‘जनरल सेटअप’मध्ये चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ, चॅनेल ६ आणि पॉवर ‘ड्रायव्हर डिफॉल्ट’ ठेवून ‘सेव्ह’ व ‘सेव्ह अँड अप्लाय’ दाबले. रुंदी निम्मी झाली की पार्श्वभूमीचा नॉइज (सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला गोंगाट) ३ डेसिबलने घटतो आणि त्याचा लाभ फोनकडून राउटरकडे येणाऱ्या क्षीण सिग्नललाही मिळतो. त्याच खोलीत पान आता लगेच उघडते.