एआय वॉर्डात आणण्याआधी

आधी एआय नेमकं कशासाठी हवंय ते एका वाक्यात लिहून काढा. ‘निदान सुधारायचंय’ एवढ्यावर भागत नाही. ‘मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा त्याच भेटीत तपासून व्हावा’ इतकं नेमकं लिहिता आलं, तरच पुढे जा.

मग आपल्याच रुग्णालयाचे जुने केसपेपर काढा आणि सॉफ्टवेअर त्यांवर चालवून बघा. इथे घाई नको. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा, इशारा देणारं, अमेरिकेत अनेक रुग्णालयांत वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्याच रुग्णांवर पडताळलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: सेप्सिसच्या ६७ टक्के रुग्णांबाबत इशारा आलाच नव्हता, आणि तरीही एकूण दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर तो वाजला होता. कंपनीचे आकडे खोटे असतात असं नाही. पण ते दुसऱ्या कुणाच्या रुग्णांवरचे असतात. म्हणून काही आठवडे सॉफ्टवेअर मुकं चालवा. निकाल नोंदवायचे, उपचार करणाऱ्यांना दाखवायचे नाहीत, नंतर प्रत्यक्ष निदानाशी ताडून बघायचे. स्त्री-पुरुष, वयोगट, त्वचेचा रंग असं वेगवेगळंही ताडा. सरासरीत एखाद्या गटाचे हाल झाकले जातात.

पुढचा हिशेब कागदावर करा. हजारात दहा जणांना आजार आहे आणि सॉफ्टवेअर आजारी व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखतं, असं धरा. नऊ रुग्ण सापडतील, एक सुटेल, आणि ९९ निरोगी माणसांना उगाच घोर लागेल. या १०८ जणांना कोण बोलावणार, कोण समजावणार, पुढची तपासणी किती दिवसांत होणार, हे ठरलं नसेल तर सुरुवातच करू नका. माझ्या मते यादीतलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच.

खोली, उजेड, इंटरनेट बघून घ्या. थायलंडच्या दवाखान्यांत डोळ्यांच्या तपासणीचं एआय नेलं, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतले २१ टक्के फोटो पुरेसे स्पष्ट नाहीत म्हणून त्याने नाकारले. रुग्णाची संमती आणि माहिती कुठे साठवणार, हे लेखी हवं.

नर्सताईंना आणि निवासी डॉक्टरांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. इशारा पटला नाही तर तो बाजूला ठेवायचा हक्क त्यांना द्या, कारण एका ओळीत लिहायला सांगा आणि त्या ओळी दर आठवड्याला वाचा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की जुने केसपेपर पुन्हा बाहेर काढा.