क्रोशाच्या पर्सला अस्तर लावताना

क्रोशाची पर्स विणून झाली की बऱ्याच जणी हुश्श करून तशीच वापरायला काढतात आणि मग थोड्याच दिवसात ती लोंबायला लागते, पेन विणीतून बाहेर डोकावतं, किल्ल्या टाक्यांत अडकतात. अस्तर नुसतं शोभेला नसतं हो, पर्समधलं वजन त्याने उचलायचं असतं, विणीने नाही. खालची सगळी मापं त्याच हिशोबाने आहेत.

दोरा कॉटनचाच घ्या, अ‍ॅक्रिलिक लोकर स्वस्त पडते पण तिला गोळे येतात. ८ प्लाय (प्लाय म्हणजे दोऱ्याची जाडी) कॉटन असेल तर सुई ३.५ एमएमची, लेबलवर ४ लिहिलेलं असलं तरी, कारण पर्सची वीण घट्टच हवी.

तळासाठी ३१ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत मुके खांब (सिंगल क्रोशे) सुरू करून २९ घ्या, शेवटच्या साखळीत ३, मग साखळीच्या दुसऱ्या अंगाने परत येत २८ आणि जिथून सुरुवात केली त्याच साखळीत अजून २, झाले ६२. पुढच्या तीन फेऱ्यांत दोन्ही टोकांना तीन-तीन टाके वाढवत जा, ६८, ७४, ८०. भिंतीची पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून घ्या म्हणजे कड नीट उभी राहते, मग न वाढवता ३२-३३ फेऱ्या, साधारण १५ सेंमी उंची येते. फेरीची सुरुवात कळायला सेफ्टी पिन लावा, पण गोल विणताना टाके हळूहळू तिरके सरकतात, त्यामुळे पट्टा कुठे लावायचा ते पिनेवरून ठरवू नका, पर्स सपाट दुमडून दोन्ही बाजू नव्याने मोजा.

आता अस्तर. कापड आधी धुवून इस्त्री करा, सुती कापड आटतं. आणि पर्स पूर्ण झाल्याशिवाय कात्री लावायची नाही, प्रत्येकीचा हात वेगळा असतो, माझे ८० टाके ४० सेंमी भरतात, तुमचे ४३ पण भरतील. खण दिसायला झकास पण कडेने फार उसवतो, घ्यायचाच तर मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, चिकटवा (इस्त्री दाबून ठेवायची, घासायची नाही). पहिल्यांदा करताय तर साधं पॉपलीन बरं. रंग विणीच्या जवळचा निवडा, नाहीतर प्रत्येक भोकातून ठिपके दिसतात, तेच आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

घेर ४० असेल तर अर्धा २० अधिक दोन्हीकडे दीड-दीड शिलाईला, म्हणजे रुंदी २३. उंचीला १५, त्यात तळाच्या रुंदीचा अर्धा भाग २, शिलाईला दीड, वर दुमडायला दीड, आणि या बेरजेतून १ वजा करायचा, म्हणजे १९ सेंमी. हा एक सेंमी महत्त्वाचा, अस्तर आखूड असलं की ताण त्याच्यावर येतो आणि वीण खाली ओढली जात नाही. असे दोन तुकडे, तीन बाजूंनी टीप मारा, मग खालचे दोन्ही कोपरे उघडून बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर आणा आणि टोक जिथे ४ सेंमी रुंद भरतं तिथे आडवी टीप मारा. जास्तीचं कापून टाका.

चेन किंवा मॅग्नेट बटण लावायचं असेल तर ते आत्ताच, अस्तराला. बटणाच्या मागे जाड कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर आठवड्याभरात तिथेच फाटतं.

अस्तर उलटवू नका, शिलाया बाहेर तशाच ठेवून पर्सच्या आत सोडा. आधी तळाचे दोन्ही कोपरे आतून दोन-दोन टाक्यांनी पक्के करा, म्हणजे रुमाल काढताना अख्खं अस्तर बाहेर येणार नाही. मग वरची कड दुमडून काठाच्या एक फेरी खाली हाताने शिवा, दोरा विणीच्या रंगाचा आणि दुहेरी, टाके बारीक. पट्टा नुसता विणलेला असेल तर तो लांबत जाणारच, त्याच्या मागे कॉटन टेप शिवा आणि टेपची टोकं अस्तराच्या आत ४-५ सेंमी खाली घेऊन तिथे चौकोनी टीप मारा, अर्थात हे अस्तर पर्समध्ये सोडायच्या आधी, नंतर मशीनखाली काही जात नाही. धुताना हाताने धुवा, पट्ट्याला धरून लटकवू नका, टॉवेलवर आडवी पसरून वाळवा.